वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: २.७ किलोमीटरचं विमान

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधे लोगनएअरचं विमान जातं, अंतर फक्त २.७ किमी, म्हणजे आपल्या मुंबईच्या मेन रनवेपेक्षाही कमी. जगातली सगळ्यात छोटी शेड्युल्ड फ्लाइट हीच, १९६७ पासून चालू आहे. टाइमटेबलमधे २ मिनिटं दिलीत, वारा पाठीमागून असला की एक मिनिटाच्या आतही होते, रेकॉर्ड ५३ सेकंदांचा आहे.

आम्ही आधी कर्कवॉलहून, म्हणजे ऑर्कनीच्या मुख्य गावाहून, वेस्ट्रेला आलो. विमान ब्रिटन-नॉर्मन आयलँडर, दोन पंख्यांचं, आठ पॅसेंजर. आतमधे चालायला जागाच नाही, बाहेरूनच आपापल्या रांगेचं दार उघडून बसायचं, अगदी वडापच्या जीपसारखं, आणि कोण कुठे बसणार ते वजन बघून ठरतं. मला पायलटच्या शेजारची सीट मिळाली!! सगळे काटे समोर, खाली निळंहिरवं पाणी, चढलो म्हणेपर्यंत समोरच्या बेटाची पट्टी दिसायला लागली. मोबाइलवर टाइम लावला होता, चाक उचलल्यापासून टेकेपर्यंत १ मिनिट २४ सेकंद.

पण मला खरं आवडलं ते वेगळंच. माझ्या मागे एक शाळेच्या बाई होत्या, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, त्या खिडकीबाहेर बघतसुद्धा नव्हत्या कारण त्यांचं हे रोजचं आहे. पापावर जेमतेम ऐंशी-नव्वद माणसं राहतात, शिक्षक, डॉक्टर, पेशंट सगळे याच विमानाने येतात-जातात, आणि तिकिटांवर नफा निघत नाही म्हणून सरकारी पैसा घालून ही सेवा चालू ठेवलीये. आपल्याकडे आडगावात मुक्कामी एसटी जाते ना, तेच हे. त्यामुळे यूट्यूबवर "गंमत" म्हणून दाखवतात ते मला पटत नाही, होडी आहे पण समुद्र खवळला की माणसं अडकतात.

पोचल्यावर लगेच परत फिरू नका, प्लीज. किनाऱ्यावर नॅप ऑफ हावर म्हणून दगडी घर आहे, ख्रिस्तपूर्व ३७०० च्या आसपासचं, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडच्याही आधीचं, भिंती अजून उभ्या आहेत, आत जाता येतं. आम्ही तिथे तासभर बसलो, बाहेर फक्त वारा आणि पक्षी.

बुक करताना दोन गोष्टी बघा, एक म्हणजे सगळ्या फ्लाइट वेस्ट्रेवर थांबत नाहीत, काही थेट कर्कवॉलला जातात, तर नीट विचारून तिकीट घ्या. दुसरं म्हणजे धुकं आलं तर विमान रद्द होतं, तेव्हा पुढच्या कनेक्शनला एक दिवस मोकळा ठेवा. सामान थोडंच आणा. माझ्याकडून पाचपैकी पाच, आईबाबा आले की त्यांनाही नेणार आहे, बाबांना पुढची सीट मिळाली पाहिजे फक्त.