विजेवरची पिकअप की हायब्रिड? ट्रेलर जोडण्याआधीचा हिशेब

अमेरिकेत पिकअप घ्यायची म्हटले की बोलणे आधी कंपनीवर जाते. ज्याच्या घरी वडिलांपासून फोर्ड आहे त्याला शेव्हरोले नको असते, राम कंपनीची गाडी चालवणाऱ्याला त्या दोन्ही नको असतात आणि टोयोटाचा भक्त इंजिनाच्या टिकाऊपणापलीकडे काही ऐकून घेत नाही. गेल्या काही वर्षांत या जुन्या वादात विजेची भर पडली आणि प्रश्न दुहेरी झाला: गाडी कोणाची, आणि ती चालणार कशावर? निर्णय घेणाऱ्याने यातला पहिला प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीच्या मागे काय जोडायचे आहे, ते किती लांब न्यायचे आहे आणि रात्री गाडी कोठे उभी राहणार आहे, या तीन गोष्टी नक्की झाल्या की वीज की हायब्रिड (इंजिन आणि मोटर दोन्हींची गाडी) याचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो.

तुलना न्याय्य व्हायची तर बाकीच्या गोष्टी शक्य तितक्या सारख्या हव्यात. त्यासाठी फोर्डची एफ-१५० सोयीची आहे, कारण एकाच गाडीची दोन्ही रूपे बाजारात आली आणि एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेतील सर्वाधिक खपाचा ट्रक असल्यामुळे हे उदाहरण आडबाजूचेही नाही. पॉवरबूस्ट नावाच्या हायब्रिड रूपात ३.५ लिटरचे टर्बो व्ही-६ इंजिन, त्याच्या जोडीला विजेची मोटर आणि जेमतेम दीड किलोवॅट-तासाची (वीजबिलातल्या दीड युनिटाची) बॅटरी असते. दोघांची मिळून ४३० अश्वशक्ती भरते. लाइटनिंग या विजेवरच्या रूपात इंजिनच नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांना एकेक मोटर आणि मोठ्या पर्यायात १३१ किलोवॅट-तासांची बॅटरी, असा तिचा सरळ मामला आहे. केबिन आणि मागचा हौदा दोन्हींत जवळपास तोच.

लाइटनिंगची कहाणी थोडक्यात सांगायला हवी, कारण तिचा आजच्या निर्णयाशी थेट संबंध आहे. मे २०२१ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा सर्वांत साध्या रूपाची किंमत ३९,९७४ डॉलर सांगितली गेली. २०२३ च्या वसंतात तोच आकडा ६०,००० च्या उंबरठ्यावर पोहोचला आणि त्याच उन्हाळ्यात कंपनीने तो पुन्हा ५०,००० च्या आसपास खाली आणला. नव्या विजेवरच्या गाडीवर मिळणारी ७,५०० डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने केवळ बॅटरीवर चालणारी लाइटनिंग बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे आज तुलना होते ती बहुधा वापरलेल्या किंवा शिल्लक साठ्यातल्या लाइटनिंगची आणि नव्या हायब्रिडची. बंद पडलेले मॉडेल म्हणजे वाईट गाडी, असे मात्र कोणी समजू नये. चुकीच्या गिऱ्हाइकाला विकली गेलेली ही चांगली गाडी आहे, असे मला वाटते.

चुकीचे गिऱ्हाईक कोणते, हे एका आकड्यावरून कळते. एक गॅलन (सुमारे ३.८ लिटर) पेट्रोलमध्ये ३३.७ किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे १३१ किलोवॅट-तासांची ती अवजड बॅटरी काठोकाठ भरली तरी तिच्यात चार गॅलन पेट्रोलाइतकीही ऊर्जा मावत नाही, तर पॉवरबूस्टच्या टाकीत ३०.६ गॅलन मावतात. मोटर फार थोडी ऊर्जा वाया घालवते, आणि इंजिन बरीचशी उष्णतेत दवडते. म्हणूनच रिकामी लाइटनिंग या तुटपुंज्या साठ्यावर अधिकृत चाचणीनुसार ३२० मैल जाते. पण मागे उंच, चौकोनी ट्रेलर जोडला की हवेचा अडथळा एकदम वाढतो, तोही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि महामार्गाच्या वेगाला रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर, साधारण निम्म्यावर येते. हायब्रिडचे मायलेजही अशा वेळी कोसळते, हे खरे. मात्र गॅलनला दहाच मैल मिळाले असे धरले तरी तिची टाकी तीनशे मैल नेते, आणि ती पुन्हा भरायला पाच-सात मिनिटे पुरतात. लाइटनिंगचे उरलेले १६० मैलही सगळे वापरता येत नाहीत. प्रवासात बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भरायची आणि १५ टक्क्यांवर थांबायचे, कारण ८० च्या वर चार्जिंगचा वेग मंदावतो. म्हणजे दर शंभर मैलांना एक थांबा आणि प्रत्येक थांब्याला सुमारे ४० मिनिटे.

त्या ४० मिनिटांत आणखी एक भर पडते, ती कागदावरच्या तुलनेत सहसा दिसत नाही. बहुतेक चार्जिंगच्या जागा मोटारी आत घालून उभ्या करण्याच्या बेताने आखलेल्या आहेत. पेट्रोल पंपासारखे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येत नाही. मग ट्रेलर सोडावा लागतो. चाकांना ठोकळे लावायचे, पुढचा जॅक फिरवत खाली टेकवायचा, दिव्यांच्या वायरची पिन काढायची, दोन्ही सुरक्षा साखळ्या सोडवायच्या, ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या कपलरची कडी उचलायची आणि गाडी हातभर पुढे घ्यायची. चार्जिंग झाल्यावर हेच सारे उलट्या क्रमाने, आणि गाडीमागच्या गोळ्यावर कपलर अचूक बसेपर्यंत गाडी मागेपुढे. पावसात, अंधारात, मागच्या आसनावर मुले झोपलेली असताना हे दिवसातून तीनदा करण्याची तयारी असेल तरच लांब पल्ल्याच्या ट्रेलरसाठी विजेवरची पिकअप घ्यावी.

याच्या उलट चित्रही तितकेच खरे आहे. सुतारकाम, नळकाम किंवा बागकाम करणारा माणूस सकाळी घरून निघतो, दिवसभरात साठ-सत्तर मैल फिरतो आणि रात्री स्वतःच्या दारात गाडी लावतो. त्याच्यासाठी लाइटनिंगसारखी गाडी शोधून सापडणार नाही. रात्रभर २४० व्होल्टच्या जोडणीवर ती भरते. इंजिनाच्या रिकाम्या जागेत, बोनेटखाली, १४ घनफुटांहून मोठा कुलूपबंद कप्पा मिळतो, त्यात अवजारे कोरडी राहतात. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पूर्ण सज्ज रूपातून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर घेता येते: कामाच्या जागी करवत, कॉम्प्रेसर आणि दिवे एकाच वेळी चालतात आणि जनरेटरची घरघर नसते. येथे हायब्रिडही मागे नाही. तिच्या वरच्या पर्यायात ७.२ किलोवॅट मिळतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात थंडीच्या वादळाने वीज गेली तेव्हा फोर्डने आपल्या विक्रेत्यांना अशा गाड्या गरजूंना वापरायला देण्याची विनंती केली होती. मला ही सोय पिकअपच्या इतिहासातली फार मोठी सुधारणा वाटते, आणि दोन्ही रूपांत ती मिळते याचा मनापासून आनंद आहे.

पैशाचा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या दराने करावा. रीत सोपी आहे. मोठ्या बॅटरीची लाइटनिंग शंभर मैलांना साधारण ४८ किलोवॅट-तास खाते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या सुरुवातीच्या पॉवरबूस्टचे अधिकृत मायलेज गॅलनला २४ मैल, म्हणजे शंभर मैलांना सुमारे ४.२ गॅलन. घरची वीज १५ सेंटला आणि पेट्रोल ३ डॉलरला धरले तर एकीकडे सव्वासात डॉलर, दुसरीकडे साडेबारा. पण रस्त्यावरच्या जलद चार्जिंगचा दर ५० सेंट लागला तर हाच खर्च २४ डॉलरवर जातो आणि विजेचा फायदा पुरता उलटतो. म्हणून घरी चार्जिंगची सोय नसलेल्या, इमारतीत भाड्याने राहणाऱ्या माणसाला मी विजेवरची पिकअप घे असे कधीच म्हणणार नाही, मग तो ट्रेलर ओढो वा न ओढो.

दोन्ही गाड्यांच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. जाहिरातीतला ओढण्याचा आकडा पाहिला जातो: सुरुवातीच्या हायब्रिडचा कमाल १२,००० पौंडांच्या वर, लाइटनिंगचा १०,०००, तोही मोठी बॅटरी आणि ट्रेलरचे खास पॅकेज असेल तर. प्रत्यक्षात हात बांधतो तो दुसराच आकडा. चालकाचे दार उघडून खांबावरचा टायरचा स्टिकर वाचा. माणसे आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्या विशिष्ट गाडीपुरते तेथे छापलेले असते. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार थेट गाडीच्या मागच्या भागावर येतो. ८,००० पौंडांचा ट्रेलर म्हणजे ८०० ते १,२०० पौंड. स्टिकरवर १,५०० लिहिले असेल तर चार माणसे आत बसताच गणित संपते, गाडी वीज खाणारी असो की पेट्रोल पिणारी.

आता कंपन्यांकडे वळू. रेंजच्या अडचणीला जनरल मोटर्सने दिलेले उत्तर म्हणजे आणखी मोठी बॅटरी: तिच्या शेव्हरोले सिल्व्हराडोच्या विजेवरच्या रूपात २०० किलोवॅट-तासांहून मोठा साठा आहे आणि कामासाठी बनवलेल्या रूपाला पहिल्याच वर्षी ४५० मैलांची अधिकृत रेंज मिळाली. ट्रेलरसह यातले निम्मे उरले तरी ते उपयोगाचे आहे, पण गाडीचे वजन साडेआठ हजार पौंडांच्या घरात जाते आणि किंमतही त्याच मापाने वाढते. रिव्हियनची आर१टी सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वांच्या आधी ग्राहकांच्या हाती आली. ती आकाराने आटोपशीर आहे, आणि डोंगरवाटांचा शौक असणाऱ्याने ती जरूर चालवून पाहावी. टेस्लाच्या सायबरट्रकचा हौदा आणि बांधणी इतकी वेगळी आहे की तिला या तुलनेत बसवणे मला योग्य वाटत नाही. टोयोटाने टुंड्रा या आपल्या पिकअपमध्ये ४३७ अश्वशक्तीचे हायब्रिड देऊन मधला रस्ता धरला. मात्र २०२४ मध्ये इंजिनात धातूचा कीस राहिल्यामुळे हायब्रिड नसलेल्या टुंड्रांसह सुमारे एक लाख गाड्या तिला परत बोलवाव्या लागल्या, म्हणून नुसत्या नावावर विसंबून राहणे कोणत्याच घराण्याच्या बाबतीत शहाणपणाचे नाही.

रामची कल्पना मला सर्वांत आशादायक वाटते. ९२ किलोवॅट-तासांची बॅटरी चाके फिरवते आणि ३.६ लिटरचे व्ही-६ इंजिन केवळ वीज तयार करते; १४५ मैल निव्वळ विजेवर आणि एकूण ६९० मैल, असे कंपनीचे आकडे आहेत. २०२५ मध्ये रामने निव्वळ बॅटरीची पिकअप रद्द केली आणि तिचे नाव याच गाडीला दिले; फोर्डनेही पुढची लाइटनिंग याच धर्तीची असेल असे सांगितले आहे. ज्याची जुनी गाडी अजून नीट चालते आणि ज्याला लांबवर ओढायचे आहे, त्याने या गाड्यांसाठी थांबावे. ज्याला याच हंगामात गाडी हवी आहे, त्याने आश्वासनावर पैसे न लावता हायब्रिड घ्यावी.

वर्षातून दोनदा सोफा किंवा मातीची पोती आणण्यासाठी पिकअप हवी असेल, तर एवढ्या मोठ्या गाडीची गरजच नाही. फोर्डची मॅव्हरिक हायब्रिड शहरात गॅलनला चाळीसच्या आसपास मैल देते आणि तिचा साडेचार फुटांचा हौदा अशा कामांना पुरतो.

वापरलेली लाइटनिंग घेणाऱ्याने व्यवहारापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. बॅटरी ९८ किलोवॅट-तासांची आहे की १३१, आणि ट्रेलरचे पॅकेज कारखान्यातून बसवलेले आहे का, हे गाडीच्या मूळ स्टिकरवरून ताडून घ्यावे. बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,००,००० मैलांची असते आणि ती पहिल्या मालकाच्या तारखेपासून मोजली जाते. बर्फाच्या प्रदेशात राहत असाल तर २०२४ किंवा त्यानंतरचे मॉडेल शोधावे, कारण केबिन कमी विजेत गरम करणारा हीट पंप तेव्हापासून बसवला गेला. टेस्लाची चार्जिंग केंद्रे फेब्रुवारी २०२४ पासून फोर्डला खुली झाली असली तरी त्यासाठी अॅडॉप्टर लागतो. तो जुन्या मालकाकडून गाडीबरोबरच मागून घ्यावा.