मोका पॉट: पावसाळ्यापासून थंडीपर्यंत रोज वापरल्यावर

मोका पॉट म्हणजे शेगडीवर ठेवायचं, वाफेच्या दाबावर कॉफी करणारं इटालियन भांडं. त्यातून एस्प्रेसो निघत नाही. खोक्यावर काहीही छापलेलं असो, हे आधीच सांगते, कारण एस्प्रेसोच्या आशेने घेतलेले कितीतरी मोका पॉट लवकरच माळ्यावर जातात. यातून येणारी कॉफी वेगळी असते. दाक्षिणात्य फिल्टरच्या डिकॉक्शनपेक्षा ती धारदार लागते, कॅफेतल्या एस्प्रेसोपेक्षा पातळ असते आणि तिच्यावर फेसाचा जाड थर नसतो. मला ती या दोन्हींपेक्षा जास्त आवडायला लागली आहे.

मी ॲल्युमिनियमचा तीन कपी घेतला. हा कप म्हणजे इटलीतला साधारण ५० मिलिलिटरचा चिमुकला कप. आपल्याकडे दूध घालून यात दोघांची कॉफी होते, तिघांची नाही. आमच्याकडे गॅसची शेगडी आहे, पाणी नळाचं आणि अधूनमधून टँकरचं, कॉफी चिकमगळूरची. पुढचं सगळं या स्वयंपाकघरातलं आहे.

रचना एकदा समजली की वापरणं सोपं होतं. खालच्या भांड्यात पाणी, त्यात उतरणारी नळी असलेलं कॉफीचं गाळणं, आणि वर फिरवून बसवायचं दुसरं भांडं. पाणी तापतं तशी खाली कोंडलेली हवा आणि वाफ पसरते आणि पाण्याला नळीतून वर ढकलते. ते कॉफीच्या थरातून जाऊन वरच्या भांड्यातल्या उभ्या नळीतून बाहेर येतं. पाणी खळखळून उकळण्याआधीच हे सुरू होतं. दाब एक ते दोन बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास असतो. एस्प्रेसोला साधारण नऊ बार लागतात, म्हणून तो फेस इथे मिळत नाही. खालचं पाणी संपत आलं की नळीत वाफ शिरते आणि गुरगुर सुरू होते. कडवटपणा येतो तो इथे, शेवटच्या वाफेत. गुरगुर ऐकू यायच्या किंचित आधी गॅस बंद केला तर या पॉटबद्दलच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

इतकं साधं यंत्र १९३३ सालापर्यंत कुणी घराघरात नेलं नव्हतं, याचं मला अजून नवल वाटतं. वाफेच्या दाबावर कॉफी करायचं यंत्र इटलीला नवीन नव्हतं. तोरिनोच्या अँजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये त्यात मोठी सुधारणा केली. पण ती यंत्रं कॅफेतली. उंच बॉयलर, तो चालवायला माणूस, आणि ती कॉफी प्यायची तर घराबाहेर पडायचं. घरी होती नेपल्सची उलटी करायची किटली. तिच्यात पाणी उकळलं की ती पालथी करायची आणि कॉफी थेंब थेंब खाली उतरेपर्यंत थांबायचं. आपल्या पितळी फिल्टरचं तत्त्वही तेच, गुरुत्वाकर्षणाचं.

मोका पॉट काढणारा आल्फोन्सो बियालेत्ती हा उत्तर इटलीतल्या पिएमोंतमधल्या ओमेन्या गावाच्या परिसरातला. फ्रान्समध्ये ॲल्युमिनियमच्या कामात हात बसवून तो गावी परतला आणि त्याने स्वतःचा कारखाना काढला. त्या काळी कपडे धुवायला एक मोठं भांडं असायचं, ज्यात साबणाचं उकळतं पाणी मधल्या नळीतून वर चढून कपड्यांवर पडायचं. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली असं सांगितलं जातं. लुइजी दे पोंती याचाही या रचनेत हात होता. धातू ॲल्युमिनियम असणं हेही त्या काळाचंच. इटलीकडे बॉक्साइट होतं, आणि मुसोलिनीच्या राजवटीत स्वावलंबनाच्या नावाखाली ॲल्युमिनियमचा फार गाजावाजा झाला. गंमत अशी की त्याच धोरणांमुळे आणि पुढे युद्धामुळे कॉफी मात्र महाग आणि दुर्मीळ झाली.

आल्फोन्सो आपले पॉट जवळपासच्या बाजारांत विकायचा. ते देशभर पोचवले त्याच्या मुलाने, रेनातोने. युद्धकैदेतून परतल्यावर त्याने बाकीची भांडी बाजूला ठेवून या एकाच वस्तूवर भर दिला आणि जाहिरातींवर सढळ हाताने खर्च केला. बोट वर केलेला मिशीवाला माणूस ही खूण १९५३ मध्ये व्यंगचित्रकार पॉल काम्पानीच्या हातून आली आणि पुढे दूरचित्रवाणीवरून घराघरात गेली. २०१६ मध्ये रेनातो वारला तेव्हा त्याच्या अस्थी मोका पॉटच्या आकाराच्या मोठ्या कलशात ठेवल्या होत्या. मला ते अजिबात विचित्र वाटलं नाही. ज्या वस्तूने आपलं आयुष्य घडवलं तिच्याशी असं नातं असावं.

युद्धानंतरच्या इटलीने हे वारंवार केलं: श्रीमंतांची किंवा कारखान्यातली गोष्ट लहान करून सामान्य माणसाच्या हाती दिली. १९४६ ची व्हेस्पा स्कूटर कोरादिनो दास्कानियोने आखली, आणि तो मुळात विमानं आणि हेलिकॉप्टरवर काम करणारा अभियंता. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं ते विमानाच्या चाकासारखं, म्हणजे पंक्चर झालं की ते पटकन काढता येतं. पुण्याच्या वाचकांना व्हेस्पा परकी नाही. आकुर्डीत बजाजने व्हेस्पाच्या मूळ कंपनीच्या, पियाजोच्या परवान्याने आधी व्हेस्पा बनवली आणि तो करार संपल्यावर त्याच घडणीची चेतक रस्त्यावर आणली. आमच्या बाबांनी चेतकवर उभा संसार वाहिला, आणि मोका पॉट बघून ते पहिल्यांदा म्हणाले ते हेच, की यात बिघडण्यासारखं काही दिसत नाही.

बाबांचं बरोबर आहे, पण आपल्या शेगडीवर काही जुळवाजुळव करावी लागते. मोठ्या बर्नरची जाळी लांबट असते, छोटा पॉट तिच्यावर डुगडुगतो. पापड भाजायची जाळी खाली ठेवली की नीट बसतो. आच बुडाच्या बाहेर जाऊ द्यायची नाही, नाहीतर दांडीचं प्लॅस्टिक तापून वास सुटतो. सगळ्यात लहान बर्नर आणि मंद आच, एवढं पुरतं. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा पॉट त्यावर तापतच नाही, बूड चालेल असा स्टीलचाच घ्या.

कॉफीचं दळण हा खरा कळीचा मुद्दा. बारीक रव्याहून किंचित बारीक दळलेली कॉफी सर्वात छान उतरते. दुकानात मिळणारी फिल्टर कॉफीची पावडर बहुतेक वेळा चिकोरी मिसळलेली असते. ती ओली झाली की चिकट होते, पाणी अडतं आणि खालच्या भांड्याच्या बाजूला असलेल्या सुरक्षेच्या झडपेतून वाफ सुटायला लागते. बिनचिकोरीची घ्या आणि दळताना मोका पॉटसाठी हवी असं सांगा. गाळणं काठोकाठ भरायचं, वरून सपाट करायचं, पण दाबायचं नाही. अर्धं भरलं तर पाणी कॉफीतून नीट न जाता पळवाट शोधतं आणि चव बेचव होते. म्हणून तीन कपी पॉटमध्ये एकाची कॉफी होत नाही, ही या रचनेतली मोठी अडचण आहे.

पाणी झडपेच्या खालपर्यंत, आणि मी ते आधीच तापवून घालते. थंड पाण्याने सुरुवात केली की पाणी तापेपर्यंत कोरडी कॉफी भाजत राहते. गरम पाण्यामुळे कडवटपणा कमी झाल्याचं आईनेसुद्धा ओळखलं, आणि ती एरवी चहाची. फक्त खालचं भांडं मग हातात धरवत नाही. फडक्यात धरून वरचं घट्ट फिरवायचं. दांडीला धरून पिळू नका, ती सैल होते.

टँकरच्या पाण्याने आतल्या बाजूला क्षारांचा पांढरा थर धरला. चवीला फरक पडला नाही, पण झडप बुजली तर ते धोक्याचं. पाण्याची वाट अडली की दाब बाहेर टाकायला झडप हाच एक मार्ग असतो. झडपेत बारीक दांडी आहे, ती मी पाण्याने धुताना बोटाने हलवून बघते. क्षार काढायला व्हिनेगरचं पातळ पाणी थोडा वेळ ठेवून लगेच भरपूर धुते. आता प्यायचं फिल्टर केलेलं पाणीच वापरते.

हा पॉट साबणाने कधीच धुवायचा नाही, अशी इटालियन घरांतली शिकवण आहे. मला ती अर्धीच पटते. काथ्या, चिंच, लिंबू, भांडी धुवायचं मशीन हे सगळं खरोखर टाळायला हवं, कारण ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर जातो आणि भांडं काळं पडतं. पण कॉफीचं तेल साचून खवट होतं आणि तो वास पुढच्या कपात उतरतो. मी रोज नुसत्या गरम पाण्याने आणि अधूनमधून अगदी सौम्य साबणाने, हाताने धुते. पावसाळ्यात तर भाग सुटे ठेवणं आवश्यकच आहे. जोडून ठेवलेल्या पॉटला ओलाव्याने दोन दिवसांत कोंदट वास येतो. ॲल्युमिनियमचीच धास्ती वाटत असेल तर स्टीलचा घ्यावा, रचना तीच असते. नवीन पॉटमधल्या पहिल्या काही कॉफ्या मात्र ओतूनच द्याव्या लागतात.

आतली रबरी रिंग कडक झाली की जोडातून पाणी झिरपायला लागतं. माझी अजून मऊ आहे. ती सुटी मिळते, बदलायला हत्यार लागत नाही. वीज नाही, कागदी फिल्टर नाही, दुरुस्तीला कुणाला बोलवायचं नाही. वीज गेलेल्या संध्याकाळीही कॉफी होते.

चव कशी, असं विचाराल तर काळी पिणाऱ्यांनी मध्यम भाजलेली अरेबिका घ्यावी आणि जरा गरम पाणी घालून पातळ करावी. दूधवाल्यांना रोबस्टाचा थोडा अंश असलेली मिश्रणं जास्त शोभतात, कारण दुधातही त्यांचा दम टिकतो. आमच्या घरात दुसरी पद्धत जिंकली.

घरात चौघं कॉफी पिणारे असाल तर तीन कपीवर पैसे घालवू नका, सहा कपी घ्या. एकटे असाल तर एक कपी, पण तो इतका छोटा असतो की पापडाची जाळी त्याच्याबरोबरच विकत घ्या.