इंजिन एकच, मागचा एक्सल वेगळा: स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७००, नागपुरात वापरून झाल्यावर

घरात दोन गाड्या आहेत आणि दोन्हींचं इंजिन एकच. माझी स्कॉर्पिओ-एन, दादाची एक्सयूव्ही ७००. दोन्ही पेट्रोल, दोन्ही ऑटोमॅटिक, दोन्हीत महिंद्राचं २ लिटरचं टर्बो एमस्टॅलियन. माझ्याकडे २०३ पीएस, त्याच्याकडे २००, टॉर्क दोन्हींचा ३८० न्यूटन मीटर. फरक दिसतो तो मागून वाकून पाहिल्यावर. माझ्या गाडीत या चाकापासून त्या चाकापर्यंत सलग एक्सल आहे, म्हणजे सॉलिड एक्सल, मधोमध डिफरन्शियलचा गोळा, जो इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटतो. दादाच्या गाडीचं मागचं प्रत्येक चाक आपापल्या लिंकवर, म्हणजे दांड्यांवर, स्वतंत्रपणे वर-खाली होतं. याला इंडिपेंडंट सस्पेन्शन म्हणतात. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही काढले, गाड्या आलटून-पालटून चालवल्या. शहरात, समृद्धीवर, चिखलदऱ्याच्या घाटात. आता लिहायला हरकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही तुलना शंभर टक्के निखळ नाही. स्कॉर्पिओ लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर) बसलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी, एक्सयूव्ही मोनोकॉक (बॉडी हाच सांगाडा) आणि पुढच्या चाकांवर ओढणारी. त्यामुळे स्टिअरिंगचा हलकेपणा, वळणावर बॉडीचं झुकणं वगैरे सगळं एक्सलच्या खात्यावर टाकता येणार नाही. ज्या गोष्टी खरंच मागच्या एक्सलमुळे होतात, तेवढ्याच लिहितो.

स्कॉर्पिओ घेतली तेव्हा ऑफिसातल्या एकाने पहिलं काय म्हटलं असेल, तर "सॉलिड एक्सल? अरे बाप्पा, ते तं ट्रकला असते." हे वाक्य नंतर बऱ्याच तोंडून ऐकलं. मला यात फोर्डची मस्टँग ही अमेरिकन स्पोर्ट्स गाडी आठवते. १९६४ साली ती आली तेव्हा मागे पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगवरचा सॉलिड एक्सल होता, आणि एखादा अपवाद सोडला तर २०१४ पर्यंत सॉलिडच राहिला. इंडिपेंडंटचं तंत्र कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. जॅग्वार ई-टाइपला ते १९६१ मध्ये होतं, कॉर्व्हेटला १९६३ मध्ये आलं. फोर्डने सॉलिड ठेवला तो पैसा वाचतो म्हणून आणि मस्टँग घेणारा निम्मा गडी पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीला, जाणारा होता म्हणून. अपवाद म्हणजे मस्टँगचीच १९९९ ची एसव्हीटी कोब्रा. तिला इंडिपेंडंट दिलं, पुढे २००३ मध्ये सुपरचार्जर लावून ताकद ३९० हॉर्सपॉवरवर नेली, आणि ड्रॅगवाल्यांनी काय केलं? कित्येकांनी ते सगळं खाली उतरवून सॉलिड एक्सल परत चढवला. चिकट टायरवर जोरात सोडली की मागची चाकं थडाथडा नाचायची आणि चाकांना ताकद पोचवणारे हाफ शाफ्ट तुटायचे. मस्टँगचीच २०१३ ची शेल्बी जीटी ५०० तर ६६२ हॉर्सपॉवर सॉलिड एक्सलवरच टाकत होती. ट्रकचा एक्सल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

मग २०१५ च्या मॉडेलपासून साऱ्या मस्टँगना इंडिपेंडंट आलं आणि आपल्याकडे २०१६ पासून विकली गेली ती हीच. ड्रॅगवाल्यांचा हट्ट तेव्हाही संपलेला नव्हता. पण गाडी आता जगभर विकायची होती, आणि तिकडचे रस्ते वळणांचे.

आता नागपूर. इथे मुख्य रस्ते सिमेंटचे झाले आणि कडेला गट्टू बसवले. सिमेंटचा स्लॅब आणि गट्टू यांची पातळी क्वचितच जुळते. ओव्हरटेक करणाऱ्याला जागा द्यायला डावीकडे घेतली की डावं चाक खाली उतरतं, उजवं वरच राहतं. सॉलिड एक्सलची खरी परीक्षा ती हीच. कावडीचं एक टोक दबलं की दुसरं उचलणारच. डावं चाक खाली गेलं की सबंध एक्सल तिरका होतो, उजव्या टायरचा रस्त्याशी असलेला कोनही बदलतो, आणि मागच्या सीटवरचा माणूस उजवीकडून डावीकडे ढकलला जातो. आईला मधल्या रांगेत बसवून कोराडीला देवीच्या दर्शनाला नेलं की ती परतताना दादाच्या गाडीत बसते. कारण विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

उलट स्पीडब्रेकरवर, म्हणजे दोन्ही चाकं एकदम चढतात तिथे, दोन्ही गाड्यांत फारसा फरक नाही. रिकाम्या स्कॉर्पिओची मागची बाजू जरा जास्त उसळते, एवढंच. डिफरन्शियल, त्याचं हाउसिंग, आतले शाफ्ट हे सगळं वजन माझ्या गाडीत चाकांसोबत उडतं. शॉकअपला तेवढं जास्त आवरावं लागतं. इंडिपेंडंटमध्ये मागे डिफरन्शियल असलाच तर तो बॉडीला किंवा सबफ्रेमला टांगलेला असतो, चाकासोबत नाचत नाही. दादाच्या गाडीत तर मागे तो नाहीच. पण माझ्या गाडीत पाच माणसं आणि दिवाळीचं सामान भरा, मागची बाजू एकदम शहाणी होते. गावाला जाताना मी तीच काढतो.

घाटाची गोष्ट जरा तपशिलात सांगतो, कारण मस्टँगवाल्यांचा सगळा वाद तिथे प्रत्यक्ष कळतो. परतवाड्यावरून चिखलदऱ्याला चढताना एक डावं वळण आहे, त्याच्या आतल्या बाजूचं डांबर पावसाळ्यानंतर उखडलेलं होतं. हातभर लांबीचा पट्टा, खोल नाही. स्कॉर्पिओ वळणात बसलेली, थ्रॉटल हलका, सगळं ठीक. आतलं मागचं चाक त्या पट्ट्यावरून गेलं आणि मागची बाजू चार बोटं बाहेर सरकली. सरकली आणि लगेच धरली. भीती वाटावी असं काही नाही, स्टिअरिंग सुधारावंही लागलं नाही, पण कमरेला कळलं. आतल्या चाकाला बसलेला दणका एक्सलमधून बाहेरच्या चाकाला पोचला होता, आणि वळणात सगळा भार त्याच बाहेरच्या चाकावर असतो. उतरताना दादाची गाडी घेऊन मुद्दाम खालून परत वर आलो, तेच वळण, साधारण तोच वेग. धप्प आवाज आला, आतलं चाक आपलं आपण खाली जाऊन वर आलं, बाहेरच्याला खबरच नाही. इंडिपेंडंटसाठी जास्तीचे पैसे देतात ते या एका क्षणासाठी. गुळगुळीत घाट असता तर मला फरक सांगता आला नसता.

तरीही स्कॉर्पिओचा एक्सल जुन्या जीपसारखा भरकटत नाही, त्याचं श्रेय वॉट लिंकेजला. साध्या सॉलिड एक्सलला आडवा धरून ठेवायला बहुधा एक लांब दांडा असतो, पॅनहार्ड रॉड. एक टोक बॉडीला, एक टोक एक्सलला. दांडा गोलाईत फिरतो, म्हणून एक्सल वर-खाली होताना थोडा बाजूलाही सरकतो. २००५ ते २०१४ च्या मस्टँगला हाच होता. वॉट लिंकेजमध्ये दोन छोटे दांडे आणि मध्ये फिरणारा एक तुकडा असतो, त्यामुळे एक्सल जवळपास सरळ रेषेतच वर-खाली होतो. मूळ कल्पना जेम्स वॉटची, १७८४ ची, वाफेच्या इंजिनासाठी. गणेशपेठेतल्या माझ्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली आणि खालून जॅक लावून एक्सल हळूहळू वर ढकलला. मधला तुकडा घड्याळाच्या काट्यासारखा जरा फिरला. "हे पाहा ना भाऊ, एक्सल वर जाऊन राहिला, पण इकडं-तिकडं सरकते का?" त्याने खडूने हाउसिंगवर खूण केली होती. खूण बाजूला हलली नाही. मग तो म्हणाला, "बुश मात्र दर सर्व्हिसला पाहात जा, यात जॉइंट जास्त आहेत." हे बरोबर आहे. सॉलिड म्हणजे देखभाल शून्य, हा जुना समज इतके जॉइंट असलेल्या या जोडणीला लागू होत नाही.

पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर सिग्नलवरून दाबली की स्कॉर्पिओचं ट्रॅक्शन कंट्रोलचं (चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं) चिन्ह लगेच लुकलुकतं. मागच्या चाकांवरचा ३८० चा टॉर्क आहे, ते होणारच. पण यात एक्सलचाही वाटा आहे. इंजिनाकडून मागे ताकद आणणारा प्रॉपेलर शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याचा पीळ सॉलिड एक्सलच्या हाउसिंगला बसतो आणि बहुतेक गाड्यांत उजवं मागचं चाक हलकं होतं. डिफरन्शियल बॉडीला बोल्ट केलेला असला तर तो पीळ बॉडी झेलते. एक्सयूव्हीची पुढची चाकं अशा वेळी जागच्या जागी फिरतात आणि स्टिअरिंग हातात ओढतं, म्हणजे तिचं दुखणं वेगळं. कोरड्या रस्त्यावर मात्र सरळ उचल घेताना मला स्कॉर्पिओच आवडते. मागची दोन्ही टायर सपाट टेकलेली राहतात, कारण बॉडी कितीही बसली तरी सॉलिड एक्सलवरच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभा कल, बदलत नाही. ड्रॅगवाले याच गुणाला चिकटून होते.

समृद्धीबद्दल थोडक्यात. शिवमडक्यावरून चढा, १२० ला क्रूझ लावा, एक्सलचा फरक विसरून जा. सांधे सोडले तर रस्ता इतका सपाट आहे की दोन्ही चाकांना जे मिळतं ते सारखंच मिळतं. तिथे लक्ष टायरच्या हवेकडे द्यावं. मे महिन्यात निघण्याआधी थंड टायरवर मोजायची, पेट्रोल पंपावर तापलेल्या टायरवर नाही.

खर्चाच्या बाजूने सॉलिडचा एक साधा फायदा आहे: मागची चाकं अलाइनमेंटला न्यायची गरज जवळजवळ पडत नाही. दादाची गाडी मनीषनगरकडे एका उघड्या चेंबरमध्ये आदळली, त्यानंतर मागचं डावं टायर आतून खाल्लं जाऊ लागलं. पहिल्या वर्कशॉपने फक्त पुढची चाकं सेट करून पैसे घेतले. इंडिपेंडंट गाडी असेल तर चारही चाकांचं रीडिंग छापून मागा आणि मागच्या टोचा, म्हणजे चाक आत किंवा बाहेर किती वळलंय त्याचा, आकडा स्वतः पाहा. दुसऱ्या ठिकाणी मागचं टो दुरुस्त झालं आणि टायर खाणं थांबलं.

यातली कुठली घ्यायची, हे घरात कोण कुठे बसतं त्यावर ठरवा. मागच्या सीटवर वयस्कर माणसं रोज असतील तर इंडिपेंडंट घ्या, दुसरा विचार करू नका. स्वतः चालवणारे, भरलेल्या गाडीने गावाला जाणारे, शेताच्या रस्त्याला उतरणारे असाल तर सॉलिडला नाव ठेवण्यासारखं काही नाही. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला तुम्हाला वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलावर नेईल, तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात. त्याला सांगा, आऊटर रिंग रोडच्या कडेला घे, ताशी चाळीसने, डावी चाकं खाली आणि उजवी वर राहतील अशी. आणि तेव्हा तुम्ही चालवू नका. मागे बसा.