गारा, कड्यावरचं वारं आणि ०.५० चा रंगीत पत्रा : सातारा-सांगलीच्या घरांसाठी परीक्षण

पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरच्या पठारावर पावसाळ्यात धबधब्याचं पाणी कड्यावरून खाली पडत नाही, वाऱ्याने उलटं वर उडतं. हेच वारं घराच्या वळचणीखाली घुसलं की पत्र्याला खालून उचलतं. चाळकेवाडी, वनकुसवड्याकडे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीला वाऱ्यासोबत चार महिन्यांचा पाऊस आणि हिवाळ्यात वेण्णा तलावाकडे दवाचं बर्फ. खाली तासगाव, खानापूर, आटपाडी, जतकडे वेगळाच मार : मार्च ते मे महिन्यांत वळीव येतो तो गारा घेऊनच. या सगळ्यात घराच्या छपरासाठी आज सगळीकडे विकला जातो तो रंगीत प्रोफाइल (उंचवटे काढलेला) पत्रा. त्यातल्या ०.५० मिलिमीटर जाडीच्या, ॲल्युमिनियम-झिंकचा थर असलेल्या पत्र्याचं हे परीक्षण आहे.

निकाल आधी सांगतो. पत्रा म्हणून माल उत्तम आहे. पण त्याच्यासोबत येणारे स्क्रू, वॉशर, आढ्याची कॅप आणि बसवण्याची पद्धत याकडे लक्ष दिलं नाही तर महागातला पत्राही पहिल्या मोठ्या वाऱ्यात शेजारच्या रानात सापडतो.

पत्र्याच्या पोलादावर दोन्ही बाजूंना मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम थर असतो. त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन. यालाच बाजारात ‘एझेड १५०’ म्हणतात. नुसत्या जस्ताच्या जीआय पत्र्यापेक्षा हा थर पावसात बराच जास्त टिकतो. घेताना पत्र्याच्या खालच्या बाजूची छापील ओळ वाचा : कंपनीचं नाव, जाडी, थर. ब्रँड ड्युराशाइन घ्या, कलरऑन घ्या, ती ओळ नसलेला पत्रा घेऊ नका. फसवणूक बहुतेक वेळा जाडीत होते. ०.५० सांगून ०.४० किंवा ०.४२ चा पत्रा टाकला तर वरून रंग सारखाच, डोळ्याला काही कळत नाही. वजन मात्र खोटं बोलत नाही. चार फूट रुंदीच्या कॉइलमधून (पत्र्याच्या गुंडाळीतून) काढलेला १२ फुटी पत्रा खरा ०.५० चा असेल तर साधारण १६ किलो भरतो, ०.४० चा १३ किलोच्या आसपास. दुकानात काटा असतोच. दोन पत्रे काट्यावर ठेवायला सांगा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.

आता वाऱ्याचा हिशेब, कारण सगळं इथेच अडतं. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक (आयएस ८७५, भाग ३) जवळच्या पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतं, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. या वेगाचा दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो होतो. कड्याच्या माथ्यावर वारं दाबून वेग घेतं, म्हणून त्याच मानकात तीन अंशांपेक्षा जास्त चढावर वेगाला १.३६ पर्यंतचा गुणक आहे. दाब वेगाच्या वर्गात वाढतो, तेव्हा ९३ चे १७२ किलो होतात. एका १२ फुटी पत्र्याचं छत झाकणारं क्षेत्र धरा ३.६ चौरस मीटर. सपाटीवरही त्याला उचलणारा जोर तीनशे किलोच्या वर जातो आणि पत्रा स्वतः १६ किलोचा. गावोगावी पत्र्यावर दगड आणि टायर ठेवलेले दिसतात, त्यांचा उपयोग किती ते यावरून ठरवा. वारं आलं की तो दगड पत्र्यासोबतच अंगणात येतो आणि तेव्हा तो जास्त धोक्याचा.

कडेला, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ ओढ आणखी जास्त असते. म्हणून छप्पर सहसा मधून उडत नाही, कोपऱ्यातून सुटतं आणि मग एकेक पत्रा सोलला जातो. पर्लिन (आडवे पाइप) मध्ये १.२ मीटरवर चालतील, पण वळचण आणि आढ्याकडचं शेवटचं अंतर तीन फुटांच्या आत आणा. पर्लिन १.२ मीटरवर आणि पत्र्याचे उंचवटे २५० मिलिमीटरवर असतील, तर माथ्यावरच्या घरात प्रत्येक उंचवट्याला स्क्रू मारल्यास एका स्क्रूच्या वाट्याला ५० किलोच्या आसपास ओढ येते. एक सोडून एक मारला की १००. फॅब्रिकेटर एक सोडून एकच मारतो, कारण त्याला फुटावर मजुरी मिळते. कडेच्या पर्लिनवर तरी हे चालवून घेऊ नका.

संख्या काढून बघू. ३० फूट लांबीचं घर, दोन पाखी (उताराच्या बाजू), प्रत्येक पाखं १२ फुटी. एका बाजूला १० पत्रे, मिळून २०. पाखाला ५ पर्लिन आणि पत्र्याला ४ उंचवटे, म्हणजे पत्र्यामागे २० स्क्रू. दोन पत्र्यांच्या जोडावर दर दीड फुटाला एक शिवण-स्क्रू, म्हणजे जोडाला ८, आणि दोन्ही पाखांचे मिळून जोड १८. आढ्याच्या कॅपला दोन्ही बाजूंनी मिळून ८०. बेरीज ६२४. कोटेशनमध्ये ३०० स्क्रू लिहिले असतील तर छप्पर अर्ध्या स्क्रूंवर उभं राहणार आहे, हे बोलणीच्या वेळीच कळतं.

स्क्रू हातात घेऊन बघा. उंचवट्यावर मारायचा असेल तर लांबी ५५ मिलिमीटर हवी, २५ चा स्क्रू पर्लिनपर्यंत पोचतच नाही. डोक्याखाली धातूची चकती आणि तिला चिकटलेलं काळं ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम) रबर असतं. रबर नखाने दाबून ताणा. खरं ईपीडीएम ताणून परत जागेवर येतं. स्वस्त रबर तुटतं किंवा नखाचा वण धरून ठेवतं, आणि असं रबर उन्हाने तडकलं की स्क्रूच्या भोकातून पाणी थेट पाइपवर येतं. मारताना रबर चकतीच्या कडेइतकं फुगलं की थांबायचं. चकती वाकडी होऊन रबर बाहेर लोंबलं तर जास्त आवळला, आणि तेवढ्यात उंचवटाही चेपला गेला. चकती बोटाने फिरली तर कमी आवळला. ड्रिलचा क्लच (ठरावीक जोरानंतर फिरणं थांबवणारी सोय) लावलेला नसेल तर मिस्त्री कितीही चांगला असो, बरेच स्क्रू जास्त आवळले जातात. स्क्रू तिरका गेला तर रबर एकाच बाजूला बसतं, दुसऱ्या बाजूने चहाच्या काडीएवढी फट राहते. महाबळेश्वरच्या पावसाला तेवढी पुरते.

आणखी एक दोष पाइपात असतो. स्वस्तात म्हणून १.२ मिलिमीटर जाडीचे पाइप घातले तर पत्रा फाटत नाही, स्क्रूच पाइपातून उपटून येतो. पर्लिनचा पाइप २ मिलिमीटरचा घ्या, आणि पर्लिन कैचीला (छपराच्या तिकोनी सांगाड्याला), कैची भिंतीतल्या बोल्टला नीट बांधलेली आहे का तेही बघा. भिंतीवर नुसती टेकवलेली कैची सगळ्या छपरासकट उचलली जाते.

वाऱ्याने पत्रा एका झटक्यातच जातो असं नाही. दर झोताला तो स्क्रूभोवती वर-खाली हलतो आणि तिथे धातू थकतो. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात १९७४ च्या नाताळात ट्रेसी चक्रीवादळाने छपरं उडवली, तेव्हा पत्रे स्क्रूभोवती चिरून निघाल्याचं तपासात दिसलं आणि त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम बदलले. आपल्या घाटमाथ्यावर वारं तेवढं नाही, पण ते महिनोन् महिने चालतं. म्हणून माथ्यावरच्या घराला ०.५० पेक्षा पातळ पत्रा नकोच.

बसवण्याची सुरुवात पूर्वेकडून करा. पावसाळी वारं पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतं. पुढचा पत्रा आधीच्यावर चढवत पश्चिमेकडे गेलात की जोडाची उघडी कड वाऱ्याच्या पाठीमागे राहते. वळवाचं वारं मात्र कुठूनही येतं, त्यामुळे तासगाव-जतकडे शिवण-स्क्रू वगळू नका. वळचणीला पर्लिनच्या पुढे पत्रा सहा-आठ इंचांपेक्षा जास्त लोंबू देऊ नका. सावलीसाठी दोन-तीन फूट हवेत तर खाली आणखी एक पर्लिन द्या. उभ्या उताराला लांबीतला जोड सहा इंचांचा, कमी उताराला आठ इंचांचा आणि आत सीलंट. शक्यतो आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच अखंड पत्रा कापून आणा, जोडाची कटकटच नाही.

कापण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ग्राइंडरने कापलेली कड ठिणग्यांनी जळते, थर उडतो आणि तिथून गंज आत सरकतो. कातर किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) वापरा. भोकं पाडताना उडालेला लोखंडी भुगा त्याच दिवशी मऊ झाडूने झाडा, नाहीतर दोन पावसांत पत्र्यावर तांबूस ठिपके येतात आणि मालक पत्र्यालाच दोष देतो. मापाच्या खुणा शिसपेन्सिलीने करू नका, ग्रॅफाइटने हा थर खराब होतो. ओला सिमेंटचा गिलावा पत्र्याला लागू देऊ नका, तोही थर खातो. भिंतीला टेकणाऱ्या कडेला गिलाव्याऐवजी फ्लॅशिंगची (जोडात पाणी जाऊ न देणारी पत्र्याची) पट्टी बसवा. आणि पावसात पत्र्यांची थप्पी जमिनीवर ठेवू नका. मध्ये पाणी अडकलं की वापरण्याआधीच डाग पडतात.

गारांच्या बाबतीत हा पत्रा इतरांपेक्षा पुढे आहे. गारेचा व्यास २ सेंटिमीटर असेल तर वजन ४ ग्रॅमच्या आत, ४ सेंटिमीटरची झाली की ३० ग्रॅम. वजन आठपट होतं आणि पडण्याचा वेगही वाढतो, म्हणून आघात साधारण सोळापट बसतो. लिंबाएवढ्या गारेने ०.५० च्या पत्र्याला खळगा पडतो, भोक क्वचितच. खळग्यात रंग सूक्ष्म चिरला तरी खालचा थर सांभाळून घेतो, त्यामुळे नुसता खळगा पडलेला पत्रा बदलायची घाई नको. सिमेंटच्या पत्र्याचं तसं नाही. तो फुटला तर दिसतो, पण बऱ्याचदा हुकच्या भोकाशी केसासारखी चीर जाते आणि पाणी जूनमध्ये गळायला लागतं. मंगलोरी कौलं गारांनी फुटतातच, महाबळेश्वरला माकडंही फोडतात, पण एकेक कौल बदलता येतं आणि वळचणीची कौलं तारेने बांधली तर वाऱ्यातही टिकतात. ज्याच्याकडे जुनं सागवानी छप्पर आहे त्याने ते काढून पत्रा घालावा, असं आम्ही सांगणार नाही.

पत्र्याच्या छपरात गारांना सर्वात आधी बळी पडतो तो उजेडासाठी बसवलेला पारदर्शक पत्रा. फायबरचा असेल तर काही उन्हाळ्यांत वाळून कडक होतो आणि आवळ्याएवढ्या गारेनेही फुटतो. उजेड हवाच असेल तर अतिनील किरणांपासून संरक्षण असलेला पॉलिकार्बोनेट घ्या आणि तो वळचणीच्या पट्ट्यात नको, पाखाच्या मध्ये बसवा.

थंडीची तक्रार वेगळी : ‘पत्रा गळतो, पण पाऊस नाही.’ डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. स्वयंपाकाची वाफ आणि श्वासातला ओलावा त्याला खालून लागून पहाटे थेंब पडतात. पत्रा बदलून हे थांबत नाही. पत्र्याखाली ५० मिलिमीटर ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा थर), खोलीच्या बाजूला फॉइल आणि आढ्याला वायुवीजनाची जागा, एवढं केलं की थांबतं. गारांचा आवाजही बराच उतरतो आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये खोली जरा सोसवते. फिकट रंग घेतलात तर आणखी बरं.

हा पत्रा काही जागी नकोच. बंद गोठ्यात जनावरांच्या मुतातला अमोनिया खालून थर खातो. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या बेदाणा शेडमध्ये गंधकाची धुरी दिली जाते, तिथेही पत्र्याची खालची बाजू लवकर खराब होते. असा वापर वॉरंटीत बसतो का, हे बिलावर लिहून घ्या. गारांच्या खळग्यांबद्दलही विचारा, कारण दिसण्यातला बिघाड वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

जुना सिमेंटचा पत्रा काढून हा बसवणार असाल तर आधी एक काळजी घ्या. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. पाणी मारून भिजवा, हुक कापून पत्रा अखंड उतरवा, करवतीने कापू नका, फोडू नका, आणि त्यावर चालू नका. पाय द्यायचाच तर पर्लिनवर आडवी फळी टाकून.

बसवल्यावर पहिल्या वर्षी होळीच्या सुमारास, वळीव सुरू व्हायच्या आत, एकदा शिडी लावा. वळचण, आढं आणि चारही कोपरे, एवढेच स्क्रू तपासले तरी चालतं. फिरणारी चकती आवळा. रबर तडकलं असेल तर स्क्रू बदला, त्याच भोकात एक माप जाड घाला. वारं सुटलं की पश्चिमेकडचं दार आणि शटर बंद ठेवा. उघड्या दारातून आत भरलेली हवा पत्र्याला खालून ढकलते आणि बाहेरची ओढ वरून खेचते, दोन्ही एकाच वेळी.