सीएसआर की फाउंडेशन? छोट्या संस्थेने निधी कुठून घ्यावा

१२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) हातात आहे, ऑडिट वेळच्या वेळी होते आणि काम कला, शाळा किंवा झाडांशी निगडित आहे, अशा छोट्या संस्थेपुढे साधारण दोन दारे असतात: कंपनीचा सीएसआर, म्हणजे तिने कायद्यानुसार समाजकामावर खर्चायचा पैसा, किंवा एखाद्या फाउंडेशनचे, म्हणजे देणगी देणाऱ्या संस्थेचे अनुदान. परदेशी निधी मी इथे बाजूला ठेवतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचे (परदेशी देणग्यांच्या कायद्याचे) खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडण्यापासून पुढचे सगळे सांभाळायला वेगळा माणूस लागतो, तो आपल्यासारख्यांना परवडत नाही.

आम्ही सिंधुदुर्गात देवराईलगत स्थानिक झाडांची रोपवाटिका चालवतो आणि आसपासच्या शाळांत दशावतारी नाटक व पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला) यांचे वर्ग घेतो. दोन्हीकडचा पैसा वापरून झाला आहे. सध्या आमचा कल फाउंडेशनकडे आहे. तुमचे काम वेगळ्या धाटणीचे असेल तर तुमचा निर्णयही वेगळा होऊ शकतो.

सीएसआरची जमेची बाजू मोठी आहे. रक्कम भरघोस मिळते आणि होकार-नकार लवकर कळतो. जवळपास कारखाना असेल तर स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचे कायद्यातच आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण, पर्यावरण आणि पारंपरिक कला हे तिन्ही विषय असल्याने ‘हे सीएसआरमध्ये बसते का’ हा वाद निघत नाही. मात्र २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेची सरकारकडची नोंद) सक्तीची झाली आहे आणि संस्थेला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. संस्था कालपरवाची असेल तर सध्या फाउंडेशनचाच विचार करावा लागेल.

फाउंडेशनकडे रक्कम लहान आणि प्रश्न भरपूर. पहिल्या बोलण्यापासून पहिल्या हप्त्यापर्यंत वर्ष सहज निघून जाते. प्रस्ताव बहुधा इंग्रजीत मागतात, आणि कित्येक ठिकाणी खुले अर्ज घेतच नाहीत; कुणीतरी आपले काम पाहून नाव सुचवावे लागते. गावाकडच्या संस्थेवर यात अन्याय होतो, हे स्पष्टच म्हणतो. एकट्या कलाकाराला मात्र याच बाजूने वाट आहे. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून अनुदाने देते, आणि ती कलाकाराला किंवा अभ्यासकाला व्यक्ती म्हणूनही मिळतात.

इथवर पारडी जवळपास सारखी वाटतील. आमच्यापुरता निकाल लावला तो ३१ मार्चने.

कंपनीचा सीएसआर आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. ‘चालू प्रकल्प’ (एका वर्षापलीकडे चालणारे काम) म्हणून मंजूर नसलेली रक्कम वर्षात खर्च झाली नाही, तर ती सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावी लागते. त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याला घाई असते, त्याचा दोष नाही. पण एका कंपनीने आम्हाला दिवाळीनंतर होकार दिला, करारनाम्यात डिसेंबर गेला, पैसे जानेवारी सरता सरता आले आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे खर्च झाल्याचा दाखला) मार्चअखेर हवे होते. फेब्रुवारीत कोकणात झाड कोण लावतो? रातांब्याचे (कोकमाचे) फळ एप्रिल-मेमध्ये हाती येते. त्याची बी वाळली की रुजत नाही, म्हणून फळ फोडल्यावर लगेच पिशवीत टोचावी लागते. ते रोप जमिनीत जाते पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, चांगले दोन पाऊस झाल्यावर. आणि खरी परीक्षा त्यानंतरच्या उन्हाळ्यात. मार्च ते मे पाणी घालायला, आच्छादन करायला, गुरे वळवायला माणूस असेल तर झाड जगते. नेमका त्याच दिवसांत प्रकल्प कागदावर ‘पूर्ण’ झालेला असतो आणि पाणी घालणाऱ्याचा पगार थांबलेला असतो.

कलेचेही तेच. दशावतारी मंडळी कार्तिकापासून जत्रांमध्ये असतात, रात्रभर नाटक आणि दिवसा झोप. त्यांना फेब्रुवारीत शाळेत बोलवायचे म्हणजे त्यांच्या हंगामातली मिळकत बुडवायची. भातलावणी आटोपल्यावर ऑगस्टमध्ये ती मोकळी असतात, शाळाही भरात असते. मार्चमध्ये मुले परीक्षेला बसलेली, मास्तर पेपर तपासायला. त्या वर्षीचा पैसा शेवटी पडदे, पेटी आणि बॅनरवर खर्च झाला. वस्तू कामाच्या होत्या, पण शिकवणाऱ्याच्या हाती मानधन फारसे पडले नाही.

फाउंडेशनने दोन गोष्टी विचारल्या: रोपे कधी लावता, आणि पहिला हप्ता कोणत्या महिन्यात हवा? अनुदान एका वर्षापुरते नव्हते आणि हप्ते एप्रिल व ऑगस्टला पडले. पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार त्यांनी मुख्य खर्च मानला. कंपन्यांशी याच मुद्द्यावर घासाघीस करावी लागते. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, पण अनेकदा तीच संस्थेच्या पगारांवर लावली जाते. नियमाची प्रत सोबत नेलीत तर निदान बोलणी पुढे सरकतात. अहवाल फाउंडेशनलाही हवाच असतो, आणि कधीकधी तो सीएसआरपेक्षा लांबलचक होतो. तरी किती रोपे लावली याच्याइतकेच किती जगली हेही त्यात विचारतात, म्हणून तो लिहिताना वेळ वाया गेल्यासारखे वाटत नाही.

सीएसआरवर फुली मारा, असे मी म्हणणार नाही. कायद्यात ‘चालू प्रकल्प’ अशी सोय आहे: सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम चालू ठेवता येते, आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात राहते. मंजुरीपत्रात हा उल्लेख लेखी मागा. कंपनीने तो दिला तर माझा अर्धाअधिक आक्षेप संपतो. पाण्याची टाकी, कुंपण, शाळेची वाचनखोली, वाद्ये अशी एकदाच घ्यायची वस्तू असेल तर सीएसआरच बरा. लवकर मिळतो आणि पुरेसा मिळतो. आमच्या रोपवाटिकेची टाकी तशीच झाली आहे.

पण काम माणसांच्या रोजच्या येण्यावर उभे असेल, शिकवणारा, राखणदार, पाणी घालणारा यांच्यावर, तर मी आधी फाउंडेशनचे दार ठोठावीन, वर्ष गेले तरी चालेल. तोवरचा खर्च गावातल्या आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून भागतो का, एवढे आधी पाहून ठेवा. गणपतीत सगळे घरी असतात, तेव्हाच विचारावे.