३२ नंबरची दुर्बीण: माल खरा, जोडी तुटलेली

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात .३०३ ली-एनफिल्ड स्नायपर रायफलीची ३२ नंबरची दुर्बीण विकायला आहे. फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, त्यामुळे हातात घेतल्याशिवाय राहवलं नाही.

दुर्बीण अस्सल आहे. नळीवर ‘ओ.एस. ४६६ ए’ खोल कोरलंय, म्हणजे मार्क १, या दुर्बिणीची पहिली आवृत्ती. पल्ल्याचं चाक १००० यार्डांपर्यंत ५० यार्डांच्या टप्प्याने अजून खटखट फिरतं. आत नेम धरायची टोकदार खुंटी आणि आडवी तार स्वच्छ दिसते; कडेला थोडी बुरशी आहे. नवा काळा रंग मात्र फासायला नको होता. जुनी झीज हाच तर पुरावा!

दुकानदार ‘मूळ सेट’ म्हणून ४५ हजार सांगतात. ते मला पटत नाही. दुर्बिणीचा अनुक्रमांक तिच्या रायफलीच्या दस्त्यावर आणि त्या रायफलीचा अनुक्रमांक ब्रॅकेटवर, म्हणजे दुर्बीण रायफलीला बसवायच्या पकडीवर, ठोकलेला असायचा. इथलं ब्रॅकेट कोरं आहे, रायफल तर नाहीच. मग सेट कसला? नुसत्या दुर्बिणीचे मी ३० हजार देईन.

माणूस भला आहे. बहिर्गोल भिंग आणून दिलं, उजेडात निवांत बघू दिलं. घेणाऱ्याने आधी ब्रॅकेट उलटंसुलटं करून पाहावं, मगच भावाचं बोलावं.