पावतीवर फक्त "११ नग"

चित्रकार मंडळींनो, हे जरा वाचाच. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट निघालं, भाड्याच्या वन बीएचकेत चार बाय पाच फुटांचे कॅनव्हास ठेवणार कुठे, तर नेहमीचा फ्रेमवाला म्हणाला ताई भिवंडीला ओळखीचं गोदाम आहे, महिन्याला दोन हजार द्या, पावसाळ्यात बुरशीचं टेन्शन नाही. अकरा चित्रं टेम्पोत घातली. पावती मिळाली, त्यावर "पार्सल, ११ नग". बस्स. मी पण ती घेऊन खुशाल घरी.

दर तीन-चार महिन्यांनी जायचे, अकरा पॅकेटं भिंतीला टेकवलेली दिसायची, मोजायचे, चहा प्यायचे, परत. बबल रॅप कधी उघडलाच नाही, पुन्हा पॅकिंगचा खर्च कोण करणार! मग एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज, मॅडम तुमचं घाटाचं चित्र एका हॉटेलच्या रिसेप्शनला बघितलं, अभिनंदन. दुसऱ्याच दिवशी कटर घेऊन गोदामात. पुढच्या रांगेतल्या दोन पॅकेटांत चित्रं होती, बाकी नऊमध्ये माझेच स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटी, आणि त्यावर कोरं मांजरपाट ठोकलेलं. कॅनव्हास सोडवून, गुंडाळी करून नेलेले. हे काम कुठल्या हमालाचं नाही हे कळायला फार अक्कल लागत नाही.

पोलीस म्हणाले कुलूप तुटलेलं नाही, माल तुम्हीच नेऊन दिला, मग हा विश्वासघात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. ठीक आहे. पण "चित्र तुमचंच कशावरून" इथे मी अडकले, कारण सहीची पट्टी हॉटेलातल्या नव्या फ्रेमखाली दाबलेली आणि माझ्याकडचे फोटो समोरून, तेही इन्स्टासाठी क्रॉप केलेले. मागची बाजू, तिथली तारीख, कॅनव्हासचा जोड, एकाचाही फोटो नाही. कॉपीराइट म्हणे हयातभर आणि नंतर ६० वर्षं आपलाच, असू दे, कॅनव्हास तर त्यांच्या भिंतीवर.

२०२४ मध्ये मुंबईत बॅलार्ड पिअरच्या गोदामातून नामवंत चित्रकार एस. एच. रझांचं अडीच कोटींचं चित्र गेल्याची बातमी वाचली होती, तेव्हा वाटलं होतं आपलं कोण नेतंय.

तर पावतीवर प्रत्येक चित्राचं नाव, माप, माध्यम, किंमत लिहून घ्या, मागून फोटो काढा, टेपवर आडवी सही करा आणि गेलात की दोन-तीन पॅकेटं उघडाच, तीही मागच्या रांगेतली.

फ्रेमवाल्याचा फोन बंद आहे. हॉटेलवाल्यांकडे रीतसर बिल आहे, "डेकोरेटिव्ह पेंटिंग, १ नग".